वीतभर वाकळ

बेळगावच्या मणीकामाच्या शिबिरात दोघींची नावं मीच घातली, पण मॅडमच्या तोंडी सारखं नाव माझ्या धाकट्या जावेचं, पूर्णिमाचं. वाकळेच्या वीतभर तुकड्यावर मणी शिवायचे, एवढंच काम. तरी रोज तिचाच तुकडा वर धरायचा आणि रोज तिलाच टाळ्या.

शेवटच्या दिवशी मी चटईवर तिला मुद्दाम खेटून बसले. तुकडा मांडीवर घेतला. हात माझ्या कामावर, डोळे मात्र तिच्या तुकड्यावरल्या मण्यांच्या जोंधळ्याच्या कणसावर. मॅडमनी बजावलं होतं, "सुई तळापर्यंत जाऊ दे." मी रागारागानं तशीच खुपसत राहिले.

"आक्का, मणी संपलं व्हय? माझं घ्या की," पूर्णिमा म्हणाली.

लई गोड बोलती! मी शेवटची गाठ मारली.

तेवढ्यात मॅडमनी तिला पुढं बोलावलं. ती उठली, तसा माझा तुकडाही माझ्या मांडीवरनं उठला. तिच्याकडं बघायच्या नादात मी तो माझ्या मांडीवर आलेल्या तिच्या पदरालाच शिवला होता.



मॅडमनी पदर उचलून सगळ्यांना दाखवला, "बघा गं, हिनं तर पदरावर पण काम केलंय! वाजवा टाळ्या!"