त्यातच होती हवा

हजार अंशांच्या भट्टीत, विजेच्या जोरावर, कार्बन डायऑक्साइडमधून ऑक्सिजन वेगळा काढायचा, यासाठी रुद्राणी कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत कितीतरी दिवस झटत होती. नळीवरचा उत्प्रेरकाचा लेप दरवेळी तापून पोपड्यांसारखा सुटायचा. नवा लेप मात्र टिकला, आणि नेमके त्याच दुपारी तिचे वडील, अप्पा, जयसिंगपूरहून आले.

तिने पेटती उदबत्ती कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरमधून बाटलीत भरलेल्या वायूत धरली. ती तत्काळ विझली.

"आता हे बघा," म्हणत तिने दुसरी धुमसती उदबत्ती भट्टीतून निघालेल्या वायूच्या बाटलीत सोडली. भप्पकन पांढरीशुभ्र ज्योत उठली.

अप्पा दचकले. "ही हवा कुठनं आनलीस गं?"

"त्याच वायूतनं, अप्पा. त्याच्यातच होती, वेगळी केली एवढंच."

अप्पांनी डोक्यावरची टोपी काढली. असल्याच वायूनं भरलेल्या विहिरीत उतरलेला त्यांचा धाकटा भाऊ जिवंत वर आला नव्हता. त्याचं नाव त्यांनी रुद्राणीसमोर कधीच काढलं नव्हतं. आता ते बाटलीच्या तोंडाशी वाकले आणि हळूच म्हणाले,

"शंकरप्पा, घे की रे श्वास. त्यातच हुती बघ हवा."