शेवटच्या सोमवारचं बेलपान

सरलाबाईंनी बेलाची फांदी पाचव्यांदा उलटीपालटी केली. न कुरतडलेलं, तीन दळांचं पान एकच उरलं होतं, अगदी शेंड्याला. गॅलरीतल्या निळ्या पिंपात वाढवलेल्या त्या झाडावर बाकी नुसते देठ, आणि देठांवर हिरव्या अळ्या, जेवून सुस्तावलेल्या.

"मेले, काल तुला कोपऱ्यावरच्या लिंबावर सोडून आले ना?" त्यांनी एकीला काडीनं उचलू पाहिलं. अळीनं डोक्यातून दोन लाल शिंगं बाहेर काढली. उग्र वास सुटला.

"वर मलाच शिंगं दाखव!"

श्रावणातला पाचवा सोमवार. आपल्या हातानं वाढवलेल्या झाडाचं अखंड पान दर सोमवारी पिंडीला लागलं पाहिजे, असं त्यांचं व्रत. चार सोमवार निभले होते. आज चुकलं की चारही वाया. तोंडात अजून पाण्याचा घोट नव्हता.

"अवं, प्लेगना टाइमनी किडा मारानी पावडर शे ना डबामा," मिलच्या पाळीला निघालेला त्यांचा नवरा चिंधा चपला घालताना म्हणाला. "तवयच टाकी देती, ते झाड वाची जातं."

"श्रावणमा जीव मारू मी?"

"मंग बाजारमाइन लई ये. पर्वत पाटियाना चौकमा बेलना ढीग पडेल शे."

"बाजारनं चालत नही."

"मंग पूज त्या अळ्यासले!" तो जिना उतरून गेला.

नववीतली वर्षा दारात हसत उभी होती. "पहिल्या सोमवारी तूच फुलपाखराला हात जोडलेस, आई. म्हणालीस, महादेवानं धाडलंय, कुणी हाकलू नका. ते तर पानापानावर अंडी घालत होतं."

"मग तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तू म्हणालीस, पूजेत बोलू नको."

सरलाबाईंनी "शिव शिव" म्हणत स्टूल ओढलं, वर चढल्या आणि शेंड्याच्या पानाला हात घातला. हात तसाच राहिला. देठाला एक हिरवा कोश टेकून बसला होता. त्याच्या पाठीवरून केसाएवढा धागा, एक टोक देठाला, दुसरं फांदीला. पान खुडलं की धागा तुटणार.

"हे कधी उडायचं?"

"आठ-दहा दिवस तर लागतील."

उद्या पोळा. श्रावण संपला.

"सगळं झाड खाल्लं," सरलाबाई पुटपुटल्या, "आणि निजायलाही हीच जागा सापडली!"

त्या उतरल्या, तरातरा आत गेल्या. परत आल्या तेव्हा देव्हाऱ्यातली पिंडी तळहातावर होती.

"आई, अगं, देव कुठे चालवलास?"

सरलाबाईंनी पदर खोचला. पुन्हा स्टुलावर चढल्या. पिंडी हळूहळू वर नेली, पानाला लागेपर्यंत.

"आज तुम्हीच या."

त्यांनी जप सुरू केला. तो संपेपर्यंत हात खाली घेतला नाही.