खुंटीवरची माळ

सरका असे जवळ, मायबाप, टाळ घटकाभर मांडीवर ठेवा. राणीसावरगावच्या बन्सीधर पखवाज्याची गोष्ट सांगतो.

बन्सीधरला अर्धशिशीनं धरलं होतं. पखवाजावर थाप पडली की कपाळात घण बसायचा. काल्याचं कीर्तन तोंडावर आलेलं अन् त्याचा हात काही वाद्याला लागेना. परभणीचा डॉक्टर झाला, गोळ्या झाल्या. शेवटी तो महादेवाच्या देवळातल्या पुजाऱ्याकडं, मन्मथअप्पांकडं गेला. अप्पा भांग घेतात, हे गावाला ठाऊक होतं.

"अप्पा, भांगेनं डोकं उतरतं म्हणतेत. द्या थोडी. पर आमच्या हिला कळू देऊ नका."

अप्पांनी त्याच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडं पाहिलं. "उद्या ये," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पानात बांधलेल्या हिरव्या गोळ्या मिळाल्या. गोळी भाकरी खाऊनच घ्यायची, मग अंधारात डोळे मिटून पडायचं अन् चहाला शिवायचं नाही, असं अप्पांनी बजावलं.

बन्सीधर लहानपणापासून माळकरी. नशेची चव त्याच्या जिभेला कधी कळली नव्हती. गोळी तोंडात टाकायच्या आधी तो माळ उतरवून खुंटीला अडकवी, उठल्यावर चोरासारखी पुन्हा गळ्यात घाली. त्याची बायको बायनाबाई भाजीपाल्यानं हिरवट झालेल्या बोटांनी भाकरी वाढी अन् टोमणा मारी, "दुपारचं लय झोपायलाव आजकाल."

डोकं हळूहळू उतरलं. बोटं मोकळी झाली. मन मात्र जड होत गेलं. माळ मोडलेल्या माणसानं देवापुढं वाजवायचं कोणत्या तोंडानं?

काल्याच्या सकाळी बायनाबाई चुलीपुढं बसून पखवाजाला लावायची कणीक मळत होती. बन्सीधरनं माळ तिच्यापुढं ठेवली अन् भांगेचं सगळं सांगून टाकलं. आपण आता माळेच्या लायकीचे राहिलो नाही, पखवाज दुसऱ्या कुणाला द्यायला सांग, म्हणाला.

बायनाबाईनं हात पुसले. माळ त्याच्या गळ्यात घातली, कणकेचा गोळा हातावर ठेवला.

"जावा, मंडळी खोळंबली. तुमी भांग मागितली त्याच सांजेला अप्पा घरी येऊन सांगून गेले. शेवग्याचा पाला अन् गुळानं कुणाची माळ मोडत न्हाई. वाटून वाटून माजीच बोटं हिरवी झालीत."

मायबाप, पखवाज घुमला की त्या हिरव्या बोटांची तेवढी आठवण ठेवा.