निकेल का क्रोम?

गुजरीतल्या, सराफांच्या बोळात कृष्णातचं मुलामा द्यायचं दुकान आहे. पारूबाईंनी पदराची गाठ सोडून एक जुना रेझर त्याच्यासमोर ठेवला. मुलामा उडून दांडीचं पितळ जागोजागी पिवळं दिसत होतं.

"पैल्यासारखा पांढरा करून द्या."

"निकेल चढवू का क्रोम? निकेल दिसायला मऊ, क्रोम टिकाऊ."

"चिंचेनं घासून जाणार न्हाय, ते चढवा."

कृष्णात मोठ्यानं हसला. "रेझर चिंचेनं कोण घासतंय, मावशी?"

"लेकाचा हाय. त्यो गेल्यापास्नं देव्हाऱ्यात ठेवलाय. सकाळी देव घासताना ही दांडीबी घासते."

कृष्णातनं दांडी हातात घेतली. "क्रोमच करतो," म्हणत त्यानं रेझरचं डोकं फिरवून उघडलं. आत वाळलेल्या साबणाची खपली होती आणि तिला दाढीचे चार-पाच काळे केस चिकटले होते. त्यानं ब्रश उचलला, तसा पारूबाईंनी त्याचा हात धरला.

"त्ये धुऊ नगासा."

"धुतल्याबिगर मुलामा बसत न्हाय की, मावशी."

पारूबाईंनी रेझर त्याच्या हातातून घेतला, डोकं परत घट्ट आवळलं आणि पदरात बांधला.

"मग पिवळाच ऱ्हाऊ दे."