आपल्याच बोलीवर बोली

"हाताची घडी घाल. गॉगल काढू नकोस. आणि देवाच्यान सांगतो, हसू नकोस," पपांनी जोसेटला सकाळपासून दहाव्यांदा बजावलं. "तोंड कसं दगडासारखं हवं. लिलावात चेहरा बोलला की खिसा गेलाच म्हणून समज."

पण जोसेटचा चेहरा गप्प बसला होता कधी? वीस वर्षं ती मेलबर्नमध्ये बस चालवत होती. बाई आज खुशीत आहे की चिडलेली, हे मागच्या बाकावरच्या माणसालाही आरशातून कळायचं. आत्ता तर गॉगलखाली तिचे गाल लालबुंद झाले होते.

शनिवार, सकाळचे अकरा. विकायचं घर समोर आणि माणसं फाटकापासून पार पलीकडच्या फुटपाथपर्यंत. त्यातले घेणारे मोजून चार, बाकी सगळी गल्लीच. कॉफीचे पेले, कुत्री, बाबागाड्या घेऊन मंडळी हजर. फुकटचा तमाशा कोण सोडतं! लिलाववाला टाय सारखा करत पायरीवर चढला.

घर म्हणजे काय, लाकडी फळ्यांचं, दोन खोल्यांचं, एका बाजूचं पन्हळ लोंबणारं. पण गेल्या शनिवारी जोसेटने आत पाऊल टाकलं मात्र, मनातल्या मनात तिचे पडदेसुद्धा लावून झाले. राहत्या घराच्या मालकाने जागा सोडायला महिन्याची मुदत दिली होती. भाड्याचं हे सातवं घर. आठवं तिला नको होतं, अगदी नको होतं. बँकेने आखून दिलेली रेघ सहा लाख चाळीस हजार डॉलरांची. त्यावर एक छदाम नाही.

साडेपाच लाखांपासून बोली चढत गेली. एक जोडपं गळलं, मग एक दाढीवाला गळला. उरली जोसेट आणि उरला पांढऱ्या शर्टातला एक बिल्डर. तो मघाशी परसदार पावलांनी मोजत होता. हे पाडून तिथे दोन घरं उभी करायचा बेत त्याने शेजारणीला बिनदिक्कत सांगितलाही होता.

बिल्डरने नुसतं बोट वर केलं. "सहा लाख वीस हजार!" लिलाववाल्याने पुकारलं.

"मंडळी, मालकिणीच्या मनातला आकडा आता मागे पडला," लिलाववाला गरजला. "आता घर जाणार म्हणजे जाणारच!"

"सहा तीस," जोसेट म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

बिल्डरने हनुवटी खाजवली. लिलाववाल्याने हात उंच केला.

"सहा तीस एक वार..."

जोसेटच्या कानात नुसती घूं घूं. बोली कुणाची चाललीय, कोण पुढे, कोण मागे, सगळं डोक्यातून पार पुसलं गेलं. एवढंच कळत होतं, की घर चाललंय.

"सहा तीस दोन वार..."

"सहा चाळीस!" जोसेट किंचाळली.

लिलाववाल्याचा हात वरच राहिला.

"बाई," तो हळूच म्हणाला, "सहा तीस तुमचीच होती. तुम्ही आपल्याच बोलीवर बोली चढवलीत."

मग जी हशाची लाट उसळली, ती थेट पलीकडच्या फुटपाथवर. पपांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"घाबरू नका, तीसच धरतो," लिलाववाला म्हणाला. "घर विकतोय, माणसं लुटत नाही."

"अरे कर्मा माझ्या!" पपा दातओठ खात पुटपुटले. "सगळी पानं उघडी केलीस की! आता त्याने एक्केचाळीस म्हटलं की संपलं सगळं."

हे जोसेटलाही कळून चुकलं होतं. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला होता तिने. डोळे भरून आले, तशी तिने गॉगल काढून टाकला आणि सरळ बिल्डरकडे पाहिलं. बिल्डरही तिच्याकडेच पाहत होता. ते लाल तोंड, विस्कटलेले केस, गच्च आवळलेल्या मुठी. त्याचं बोट खिशाबाहेर आलं, जरा वेळ तसंच राहिलं आणि पुन्हा खिशात गेलं. त्याने नाही म्हणून मान हलवली.

"तीन वार! घर बाईंचं!"

सगळी गल्ली टाळ्या वाजवू लागली. जोसेट फाटकाच्या खांबाला मिठी मारून उभी राहिली. रडत होती, हसत होती, नाक पुसत होती. पपा तिच्या पाठीवर थोपटत राहिले.

बिल्डर गर्दीतून वाट काढत आला आणि त्याने हात पुढे केला.

"अभिनंदन. एक विचारू? अजून कुठवर जाणार होतात?"

पपांनी जोसेटला कोपर मारलं. उपयोग शून्य.

"कुठली जातेय! ओरडले ना, तेवढेच होते."

"म्हणजे मी एक्केचाळीस म्हटलं असतं तर..."

"घर तुमचं होतं."

कपाळावर हात मारून बिल्डर खो खो हसत सुटला. "आणि मला वाटलं, जी बाई आपल्याच बोलीवर चढते, ती काही थांबायची नाही! म्हटलं, वेडी दिसतेय, हिच्या नादाला लागण्यात अर्थ नाही."

"वेडी आहेच ती," पपा म्हणाले. "पण आता स्वतःच्या घरात."