साखळीवरचे कपडे

खाण केव्हाच बंद पडली होती, म्हणून तर कामगारवस्तीतलं घर मातीमोल भावात पदरात पडलं. बायकोला पडदे लावायला सोडून नवा घरमालक खाणीचं न्हाणीघर बघायला गेला. छतापाशी साखळ्यांवर कपडे टांगलेले होते.

"खाणीत उतरताना घरचे कपडे इथे टांगायचे. वर आलं की अंघोळ करून तेच घालायचे आणि कामाचे टांगायचे," तिथला रखवालदार म्हणाला. "शेवटची पाळी वर आलीच नाही. घरचे कपडे तसेच लोंबतायत."

"पण हे तर कोळशाने माखलेत."

रखवालदाराने वर पाहिलं आणि तो दाराकडे मागे सरकू लागला.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती.

"अहो, एक माणूस सरळ घरात आलाय. केस ओले आहेत. मलाच विचारतोय, तू कोण म्हणून."