अक्काची पानसुपारी

शाहू महाराजांच्या राज्यात कोल्हापूरच्या एका पेठेतली जैनांची जुनी बस्ती, म्हणजे देऊळ, मोडकळीला आलं होतं. दुरुस्तीला वर्गणी जमावी म्हणून विधवा पद्मावतीनं आपल्या शंभर वर्षांच्या घरात थाटाची पानसुपारी ठेवली. येणारी प्रत्येक बाई सागवानी खांबांवरून हात फिरवत तिचं कौतुक करत होती आणि धाकटी जाऊ रत्नाबाई कोपऱ्यात बसून जळत होती. वाटणीत हे घर थोरलीकडं गेलेलं तिला आजवर पचलं नव्हतं.

बायका पांगल्यावर ती बोललीच, "एवढं मोठं घर गावलंय, म्हणून तुमचं नाव व्हतंय, अक्का. आमच्याकडं असतं तर आमचंबी झालं असतं की!"

पद्मावतीनं कमरेच्या किल्ल्या सोडल्या आणि तिच्या हातावर ठेवल्या. "मग आजपासनं तूच सांभाळ. मी उद्या दीक्षा घेतीया. बस्तीचं काम मार्गी लागायची तेवढी वाट बघत हुते."



रत्नाबाईनं किल्ल्या मुठीत घट्ट आवळल्या; पण मागं वळूनही न बघता पायऱ्या उतरणारी अक्का दिसली, आणि तिला त्या रिकाम्या हातांचाही हेवा वाटला.